दहातले नऊ मांगूर

मासेघारीने पाण्यातून मासा उचलल्याचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. ताणलेले पंख, उडालेलं पाणी, पंजात अडकलेला मासा आणि खाली ओळीने लोकांचं 'काय टायमिंग आहे!' त्या लोकांत कदाचित तुम्हीही असाल. मग मला एक सांगा, तो मासा तिथे कोणी आणून सोडला होता, हे तुम्ही कधी विचारलंत का?

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना हा प्रश्न आवडत नसे. बोलणं त्या वाटेला लागलंय असं दिसलं की ते डाव्या हाताचं मनगट वर करायचे, घड्याळाच्या काचेवर दोन बोटं वाजवायचे आणि म्हणायचे, "शांत राहा. सात चाळीसची आहे." आणि खरोखर सात चाळीसला, पाचदहा मिनिटं इकडेतिकडे, घार यायची. पाहुणे काकांकडे असे बघायचे जणू त्यांनीच तिला शिट्टी मारून बोलावलं आहे. बोलावलं होतंच. फक्त शिट्टी मारून नाही.

काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारण्यात गेली. नाशकातल्या पुष्कळांनी त्यांचा चेहरा पाहिला नसेल, पण आवाज ऐकला असेल. येवल्याची गाडी फलाटाला लागली आहे, हे वाक्य ते असं म्हणायचे की येवल्याला जायचं नसलेला माणूसही पिशवी उचलायचा. निवृत्त होऊन द्वारका चौकाजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पूर्णवेळ राहायला लागल्यावर त्यांना पुकारायला काही उरलं नाही. पाण्याचा टँकर आला की ते जिन्यातून पुकारायचे. लिफ्ट बंद पडली की पुकारायचे. मग पुण्याच्या मुलीने कॅमेरा घेऊन दिला आणि काका पक्षी पुकारायला लागले.

एक कबूल करते. हा माणूस मला आवडायचा. हे वाक्य लिहिताना मला माझाच राग येतो आहे, पण वगळलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

दिंडोरीच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मागे एक बंधारा आहे. हिवाळ्यात तिथे मासेघार येते. पुस्तकात तिला कैकर म्हणतात. माशाशिवाय दुसरं काही ती सहसा खात नाही. काकांनी काठावर बागेतली जुनी हिरवी जाळी बांबूंवर टाकून आडोसा केला होता आणि आत प्लास्टिकची स्टुलं मांडली होती. पुण्यामुंबईचे पाहुणे यायचे. त्यांच्या अंगावर पानांची नक्षी छापलेले कपडे, डोक्यावर तसल्याच टोप्या, लेन्सलासुद्धा पानांचं झबलं. शेजारच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर घरघरतोय, बांधावर शेळ्या चरताहेत, पलीकडे छाटणीवाल्या बायका मोठमोठ्याने एकमेकींची थट्टा करताहेत, आणि हे लोक आत बसून खुणांनी बोलताहेत, घारीला कळू नये म्हणून. शेळ्या येऊन त्यांच्या टोप्यांचा वास घेऊन जायच्या.

पहिले दोन हिवाळे काकांना एकही धड फोटो मिळाला नाही. घार मासा धरायची, पण पलीकडच्या काठाला. रात्रीच्या जेवणाआधी ते मला फोटो दाखवायला वर यायचे आणि पेनचं टोक स्क्रीनला लावून सांगायचे, हा पंख, ही चोच. मी हो हो म्हणायचे. एकदा ते ज्याला घार म्हणत होते तो स्क्रीनवरचा वरणाचा डाग निघाला. काकांनी तो अंगठ्याने पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "गाडी रद्द."

त्याच सुमारास त्यांनी एक गोष्ट केली, आणि त्या गोष्टीमुळे मी त्यांच्या बाजूची झाले. एका पाहुण्याने मेलेला मासा आणला होता. त्याच्या पोटात थर्माकोलचे तुकडे कोंबले होते, म्हणजे मासा तरंगत राहतो, घार फसते आणि फोटो मिळतो. बऱ्याच ठिकाणी असंच करतात, असं तो सहज सांगत होता. काका स्टुलावरून उठले. मासा त्याच्या हातातून घेतला, पोट उघडलं आणि रक्ताळलेला थर्माकोल त्याच्या बॅगेवर नीट मांडून ठेवला. हे तिच्या पोटात जाणार आहे, तुमच्या पोटात घालू का, असं विचारून त्यांनी त्याला आडोशाबाहेर काढलं. माणूस मोठ्या हुद्द्यावरचा होता. काकांनी पर्वा केली नाही.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील कारखान्याच्या युनियनमध्ये, आई मोलकरणींच्या संघटनेत. कोणी अन्यायावर चिडलेलं दिसलं की मला कागद घ्यावासा वाटतो. मी त्या रात्री पत्रक लिहिलं, 'पक्ष्यांना फसवू नका'. काकांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि फोटोच्या दुकानांत, द्राक्षबागांमधल्या हॉटेलांत स्वतः जाऊन वाटल्या. तेव्हापासून मला ते जिन्यात भेटले की "काय पत्रकवाली" म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात काकांना मांगूर सापडला.

मांगूर म्हणजे काळसर, बिनखवल्यांचा, मिशावाला मासा. याची खासियत अशी की तो हवेतही श्वास घेतो. दर थोड्या वेळाने पाण्याच्या वर तोंड काढतो आणि परत खाली जातो. ओल्या गोणीत गुंडाळून स्कूटरवरून नेला तरी मरत नाही. आता फोटोग्राफरच्या डोक्याने विचार करा. उथळ पाण्यात, आडोशासमोर असे दहा मासे सोडले, तर त्यातला कोणी ना कोणी सारखा वर येत राहणार. वरून फिरणाऱ्या घारीला यापेक्षा मोठं आमंत्रण नाही. थर्माकोल नको, फसवणूक नको. मासा जिवंत, घार जिवंत, शिकार खरी.

हायवेच्या बाजूला एक जण तळ्यात हे मासे पाळायचा. काकांनी त्याला विचारलं, देशी आहे ना? तो म्हणाला, एकदम देशी. चौकशी तिथे संपली. अर्ध्या मिनिटाने चुकणारी गाडी ज्यांनी आयुष्यभर सोडली नाही, त्या माणसाने ही गाडी तपासलीच नाही.

मासे ते आदल्या संध्याकाळी आणून गॅलरीतल्या निळ्या पिंपात ठेवायचे. काकू गॅलरीचं दार लावून घ्यायच्या. एका पहाटे गॅलरीचं दार उघडं राहिलं होतं, पिंपाचं झाकण सरकलेलं होतं आणि एक मांगूर गॅलरीतून, घरातून, उघड्या दारातून जिन्यावर पोहोचला होता. तळमजल्यावरच्या माळकरी आजींना तो दोन मजले खाली, त्यांच्या पायपुसण्यावर सापडला. जिवंत. मिशा हलवत होता. आजींनी आधी विठ्ठलाचं नाव घेतलं, मग काकांचं. काका धावत गेले, ओल्या टॉवेलात मासा घेऊन वर आले आणि आठवडाभर ज्याला त्याला ही गोष्ट सांगून हसवत राहिले. आम्ही सगळेच हसलो. दोन मजले उतरून जाणारा मासा बंधाऱ्यात गेल्यावर काय करेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला मात्र एक शंका होती, आणि मी ती विचारली. फसवू नका असं पत्रक वाटणारे आपण, मग हे काय? काकांकडे उत्तर तयार होतं. ते त्यांनी पुढे शंभर वेळा, प्रत्येक पाहुण्याला, त्याच शब्दांत दिलं.

"दहा सोडतो. एक ती नेते, नऊ जगतात. हे नऊ कोणाच्या तरी कढईत जाणार होते. सांग बरं, पाप कुठाय?"

कढईतून वाचलेले नऊ मासे, या हिशेबाला विरोध करणारं पत्रक मी कुठे वाचलेलं नव्हतं. डबा पाण्यात उलटा करताना ते प्रत्येक माशाला हळूच पुढे ढकलायचे आणि म्हणायचे, "जा बाबा." आवाज अगदी हळवा व्हायचा. एकदा डबा मी धरला होता. हेही लिहून ठेवते.

फोटो मिळाला. त्यात घारीचा डोळा दिसतो, नखं दिसतात, मांगराच्या मिशासुद्धा दिसतात. एका वाइनरीच्या कॅलेंडरवर तो छापून आला, डिसेंबरच्या पानावर. खालची ओळ मी लिहिली होती, 'नैसर्गिक अधिवासात मुक्त शिकार'. काका ते पान वर्ष संपल्यावरही उलटायला तयार नव्हते. मग पाहुणे वाढले. नवे पाहुणे येताना आपापले डबे घेऊन यायला लागले, कारण काकांनीच त्यांना तळ्याचा पत्ता दिला होता. सकाळच्या उन्हात जाळीआड बसलेले पंधरा गृहस्थ, पंधरा लेन्सा आणि काठावर उलटे होणारे डबे, हे दृश्य मी पाहिलं आहे. प्रत्येक जण 'जा बाबा' म्हणायचा. काकांकडून शिकले होते. एवढी दया मी कुठल्याही देवळाबाहेर पाहिलेली नाही.

घार मात्र खूश होती. ती वेळेवर यायची, उचलायची, जायची.

इंदूबाई त्याच बंधाऱ्यावर मासे धरते. तिच्या घरची तिसरी पिढी त्या पाण्यात जाळं टाकते आहे. नवरा गेल्यावर ती आणि तिची सून दोघी मिळून ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं लावतात आणि सकाळी दिंडोरीच्या बाजारात टोपली घेऊन बसतात. मरळ, वाम, झिंगे, जे मिळेल ते. आडोशातले लोक तिला ओळखत नव्हते. तिची ट्यूब फोटोत आली की ते हात हलवून तिला बाजूला हो म्हणायचे. ती व्हायची.

मांगूर सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती मला बाजारात भेटली. टोपली झाकलेली होती. मी तिला तोंडओळखीने हाक मारली, तिने कापड बाजूला केलं. आत एकच जात होती. काळे, मिशावाले, आडवेतिडवे, एकेक हातभर लांब.

"ह्ये बघ ताई," ती म्हणाली. "जाळ्यात दुसरं काय येतच नाय. मरळीचं पिल्लू नाय, झिंगा नाय. समदं यानंच खाल्लं. आन् ह्ये इकायला बसावं तर म्हणत्यात बंदी हाय."

बंदी आहेच. हा बाहेरून आलेला मांगूर आहे. आपल्याकडचा देशी मांगूर लहान आणि गरीब स्वभावाचा, हा त्याचा नुसता दिसायला भाऊ. ज्या पाण्यात जातो त्या पाण्यातलं जे हलतं ते खातो, म्हणून तो पाळायलाच मनाई आहे. हे मला त्या संध्याकाळी अर्ध्या तासात वाचून कळलं. काकांनाही अर्ध्या तासात कळलं असतं. मला आजींच्या पायपुसण्यावरचा तो मासा आठवला.

दुसऱ्या सकाळी मी काकांना कॅमेरा न घेता बंधाऱ्यावर नेलं. इंदूबाई काठावर होती. तिने आरडाओरडा केला नाही. जाळं ओढलं आणि त्यांच्या बुटांपुढे झटकलं. मांगूर चिखलात वळवळायला लागले. एक जण सरपटत पाण्याकडे निघाला. काकांनी ओळखलं. ते खाली बसले, एकाच्या मिशीला बोट लावलं.

"मी तर एकाही माशाला मारलं नाही, बाई," ते म्हणाले.

"तेच तर झालं ना, साहेब."

काका वर बघेनात. इंदूबाईची सून म्हणाली, चला, जाळं धुवायचं हाय. पण इंदूबाई थांबली. तिने जे विचारलं ते अगदी साधं होतं. तुमच्या ओळखी मोठ्या, तुमचे फोटो कॅलेंडरवर येतात, तर एवढं करा. डबे घेऊन येणाऱ्या लोकांना सांगा, आणि हे काढायला मदत करा. उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा माणसं लागतील. नाहीतर पुढच्या वर्षी या पाण्यात जाळं टाकण्यात अर्थ नाही, मग आम्हा दोघींना बागेत मजुरीला जावं लागेल. काका हो म्हणाले. दोनदा म्हणाले.

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. द्वारकेच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्या खांद्याशी वाकून म्हणाले, "लिहिशील तू. लिही. नाव तेवढं घालू नकोस."

त्या क्षणापर्यंत मला त्यांची कीव येत होती. तिथे ती संपली. ज्या बाईच्या घरातलं अन्न संपलं तिच्याबद्दल काळजीचा एक शब्द नाही.

मी नाव घातलेलं नाही. पण ते त्यांच्या सांगण्यावरून नाही. नाव घातलं असतं तर तुम्ही हा लेख वाचून सुखाने म्हणाला असता, असा एक माणूस नाशकात होता. तो एक नव्हता. आडोशात पंधरा स्टुलं होती.

पुढे काय झालं ते ऐका. काकांनी डबेवाल्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी स्वतः मासे सोडणं थांबवलं, आडोशाकडे जाणं थांबवलं, आणि याला ते पश्चात्ताप म्हणत असावेत. महिनाभराने गावात एक फोटोंचं प्रदर्शन भरलं. मी गेले. मधल्या भिंतीवर घार होती, मांगूर होता आणि खाली माझीच ओळ होती, 'नैसर्गिक अधिवासात मुक्त शिकार'. काका नेहरू शर्ट घालून बाजूला उभे होते. मी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि फोटो उतरवा म्हटलं. ते म्हणाले, लोक घार बघतात, मासा कोण बघतो?

मी वहीतलं पान फाडलं, त्यावर 'हा मासा फोटोग्राफरने सोडला आहे. असेच नऊ अजून पाण्यात आहेत' असं लिहून फोटोखाली चिकटवलं आणि चहा प्यायला गेले. परत आले तर कागद नव्हता. कोणी काढला ते मी पाहिलं नाही. काकांच्या खिशातून वहीच्या पानाचा फाटका कोपरा डोकावत होता, एवढं पाहिलं.

असल्या माणसाबद्दल लिहिताना शेवटी काहीतरी गोड आठवावं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. माझ्याकडे गोड काही नाही. जे आहे ते सांगते.

उन्हाळा लागता लागता पाणी उतरलं. एका रविवारी इंदूबाईने मला फोन केला, तुमचे साहेब आलेत, एकटेच आलेत. मी गेले. आडोशाची जाळी वाऱ्याने फाटून लोंबत होती. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसले होते, हातात बाजारातून आणलेला साधा गळ. कॅमेरा नव्हता. मी आल्याचं त्यांना कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही. इंदूबाई आणि सून थोड्या लांब चिखलात जाळं ओढत होत्या. त्यांनी निवडलेले मांगूर एका खड्ड्यात पडत होते.

तासाभराने काकांच्या गळाला ओढ बसली. मासा मोठा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाहेर घेतला, गळ हलक्या हाताने सोडवला. इंदूबाई जवळ आली आणि तिने एक दगड त्यांच्या बाजूला ठेवला. काकांनी दगड उचलला. मासा तोंड उघडून हवा घेत होता. काकांचा हात वर गेला, तिथेच राहिला. मला दिसत होतं की ते मनातल्या मनात काहीतरी मोजताहेत. मग त्यांनी दगड खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आम्ही तिघी समोर उभ्या असताना, तो मासा ओंजळीत धरून पाण्यात सोडला.

"जा बाबा," ते म्हणाले.

इंदूबाईच्या सुनेने तोंडात आलेली शिवी गिळली. मासा जिथे बुडाला तिथे इंदूबाईने जाळं फेकलं. रिकामं आलं.

काका रडत होते. मी जवळ गेले नाही. त्यांचे डोळे पुसायला माझ्याकडे रुमाल होता आणि मी तो दिला नाही. याचा मला थोडा त्रास होतो, पण फार नाही. जूनमध्ये ते आणि काकू मुलीकडे पुण्याला गेले. फ्लॅटला कुलूप आहे. निळं पिंप गॅलरीत उपडं पडलं आहे. टँकर येतो तेव्हा जिन्यातून आता कोणी पुकारत नाही, ज्याला कळेल तो बादली घेऊन धावतो.

इंदूबाईने अजून तो बंधारा सोडलेला नाही. दर रविवारी सकाळी ती आणि सून मांगूर काढतात. मागच्या रविवारी जाळ्यात बोटाएवढं मरळीचं एक पिल्लू आलं, ते तिने परत सोडलं. दोघींना हे पुरं होणारं नाही. तुम्ही या. दिंडोरीला उतरून इंदूबाईचा बंधारा विचारा, कोणीही दाखवेल. कॅमेरा घरी ठेवा, जुने कपडे घाला, गळ नसेल तर ती देईल. यायला जमत नसेल तर तुमच्या गावच्या पाण्यावर लक्ष ठेवा आणि कोणी डबा उलटा करताना दिसला तर त्याचा हात धरा. आणि तुमच्या हातात मांगूर आला, तो तोंड उघडून तुमच्याकडे बघायला लागला आणि तुम्हाला फार वाईट वाटायला लागलं, तर तसं वाटू द्या. पण त्याला पाण्यात सोडू नका. बाजूला दगड ठेवलेला असेल, तो उचला आणि घाला.